मोरीजवळची ओल

आई गेल्यावर अण्णांचे फोन सुरू झाले आणि ते सगळे लाईटबद्दल असायचे. त्याआधी वडिलांनी स्वतःहून मला कधी फोन केल्याचं आठवत नाही. फोन आई करायची, मनसोक्त बोलायची आणि शेवटी "हं, आता तुमी बोला लेकीशी" म्हणून तो त्यांच्या कानाला लावायची. मग ते "बरी हायस ना? ठिवू का?" एवढं विचारून मोकळे व्हायचे. उभा जन्म एसटीवर ड्रायव्हर म्हणून गेलेला. चालकाशी बोलू नये ही गाडीतली पाटी त्यांनी घरात पण पाळली.

आता मात्र दोन-चार दिवस गेले की फोन यायचा.

"लाईट जायलीय-यायलीय गं."

"गावाची का आपलीच?"

"आपलीच. शेजारी लख्ख हाय. आपली ट्यूब फडफडती आन इझती. पंखा रांगतो. फ्रिज गुरगुर करून गप बसतो. मंग येती आपोआप."

मी बीडला राहते, आमचं गाव तेलगावच्या पुढं आत. सकाळच्या एसटीनं निघालं की जेवायच्या वेळेला पोचते. पहिल्यांदा गेले तेव्हा घराची दशा बघून लाईटचं विसरूनच गेले. आईला शुगर होती, शेवटी किडनीच्या आजारानं गेली, शेवटचे महिने दवाखान्यातच गेले, त्यामुळं घराकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी पदर खोचला. गोधड्या, चादरी, पडदे, फडताळातली काळी पडलेली भांडी, सगळं मागच्या अंगणातल्या मोरीवर नेऊन घासलं, धुतलं. मी आले की वादळ येतं, असं अण्णा म्हणायचे. संध्याकाळी दमून बसले तर ट्यूब अशी लख्ख की सुईत दोरा ओवावा. दोन दिवस राहिले, दोन्ही दिवस लाईट एकदाही डोळा मिचकावून गेली नाही.

"गेलती गं परवा," अण्णा म्हणाले. "खरंच गेलती."

तरी मी गावातल्या वायरमनला बोलावलं. हा माणूस हातापेक्षा तोंड जास्त चालवणारा. त्यानं टेस्टर लावला, भुवया वर केल्या, ट्यूबची पट्टी बदलली, दोन बटणं बदलली, बोर्डाची झाकणं उघडून वायरी आवळल्या आणि "आता न्हाई जाणार, मी सांगतो ना" असं छातीवर हात ठेवून सांगून गेला. मी बीडला परतले. आठवडा झाला नसेल, फोन आला.

"लाईट जायलीय."

माझा स्वभाव मुळात तापट. मी वायरमनला फोनवरच झाडला. तो पुन्हा आला, वरचा एक वायरचा तुकडा बदलून गेला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसा सगळा कारभार चालला होता. पण तेव्हा आम्हाला रेडा कोण आणि पखाल कोणती हेच माहीत नव्हतं.

अण्णा स्वतः गप्प बसणारे नव्हते. गाडी रस्त्यात बंद पडली तर डेपोतून माणूस येईपर्यंत ते कधी झाडाखाली बसले नाहीत. खाली उतरून, बॉनेट उघडून एकेक गोष्ट तपासायची, ही त्यांची रीत. घरातही त्यांनी तेच केलं. सगळी बटणं बंद करून फक्त एक बल्ब लावायचे आणि त्याच्याकडं बघत बसायचे. तो ठीक चालला की पंखा. पंखा चालला की टीव्ही. मग फ्रिज. फ्रिज सुरू झाला की सगळं एकदम झोपायचं. मग फ्रिजवर संशय. फ्रिजवाल्याला बोलावलं, त्यानं फ्रिज ठणठणीत असल्याचं सांगितलं. फ्रिज बंद ठेवला तर लाईट टिकायची, पण काही दिवसांनी पंख्यालाही धाप लागायची. हे सगळं ते मला फोनवर सविस्तर सांगायचे. आई गेल्याबद्दल मात्र एक शब्द नाही. मी कधी तो विषय काढला तर म्हणायचे, "ते राहू दे. काल मी पंखा काढून बघितला, तर..."

खरं सांगायचं तर मला ते फोन आवडायला लागले होते. बाप माझ्याशी बोलत होता, मग लाईटवर का होईना.

शेजारच्या चुलतीला त्यांनी दोनदा साक्षीला बोलावलं. दोन्ही वेळा ती येऊन बसली, चहा प्याली आणि लाईट जाईचना. घरात चहासाठी तीच पातेली विसळायची, कपबश्या धुवायची, निघताना भांड्यांचा ढीगही हातासरशी मोरीवर नेऊन घासून द्यायची. जाताना मला फोन करून म्हणाली, "भावजींचं काय खरं न्हाई बाई. पिंडाला कावळा लवकर शिवला नव्हता, आठवतंय का? तिचा जीव घुटमळतोय घरात. लाईटीत आलीय ती."

मला असा संताप आला की काय सांगू. माझी आई जिवंतपणी कुणाला त्रास देऊ शकली नाही, ती मेल्यावर नवऱ्याचा पंखा कशाला बंद करेल?

पण ही गोष्ट फिरत फिरत पुण्याला माझ्या धाकट्या भावापर्यंत गेली. त्याला भुताचं काही वाटलं नाही, त्याला दुसरीच काळजी लागली. शाळेला सुट्ट्या लागल्यावर तो बायको-पोरांना घेऊन गावी आला. मीही गेले. घर भरलं. सकाळपासून आंघोळी, पोरांची पाण्यातली मस्ती, धुणी, भांडी. वहिनी तर दिवसातून दोनदा अंगण धुणारी. चार दिवस लाईट अशी की जणू अण्णांना खोटं पाडायचा तिनं विडाच उचलला होता.

"अण्णा, कुठं गेली लाईट?" भाऊ हसत विचारायचा.

"आता न्हाई गेली," अण्णा म्हणायचे. दुसऱ्या दिवशी ते नुसतेच हसले. तिसऱ्या दिवशी हसलेही नाहीत. मग ते ट्यूबकडं बघायचे बंद झाले आणि नातवंडांत बसून राहिले, पण त्यांचं ध्यान नव्हतं.

भावानं मला बाजूला घेतलं. "ताई, हे वयाचं आहे. माझ्या ओळखीतल्या एकाच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. न घडलेलं घडलं म्हणतात. पुण्यात डॉक्टरला दाखवू. आणि हे घर बंद करू. एकटं ठेवायचं म्हणजे उद्या गॅस चालू राहिला तर? मी सुट्टी संपायच्या आत गाडी घेऊन येतो."

तो वाईट नाही. त्याचं बोलणं चुकीचंही नव्हतं, हीच अडचण होती.

भाऊ पुण्याला गेल्यावर अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. त्याचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. एवढ्या अजीजीनं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"त्याला सांग, मला तिकडं नेऊ नका म्हणावं. तिथं मला कोण वळखतंय? लिफ्टमधून खाली उतरायचं आन पुन्ना वर जायचं. इथं मला अंधारात बी कळतं कुठं काय हाय. तू बी म्हणतीस का, की लाईट जात न्हाई म्हणून?"

"मी असं कुठं म्हणलं?"

"मंग म्हण ना त्याला. तुजं ऐकतो तो."

मी शब्द दिला. लाईट जाते हे मी स्वतःच्या डोळ्यानं बघीन आणि भावाला दाखवीन, मग तुम्हाला कुणी इथून हलवणार नाही, असं म्हणाले. म्हणाले खरी, पण माझ्याही मनात पाल चुकचुकत होती. त्यांनी गेल्या महिन्यात मला दोनदा एकच गोष्ट सांगितली होती, हे मला तेव्हा आठवलं.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा वैशाख पार तापला होता. गावची विहीर आटलेली, नळाला पाणी नाही, टँकर कधी यायचा आणि कधी नाही. अण्णांनी दोन घागरी जपून ठेवल्या होत्या, एक प्यायला, एक वापरायला. जेवणाचा डबा चुलतीकडून यायचा. ताट ते पुसून ठेवायचे. मोरी इतकी कोरडी पडली होती की फरशीच्या सांध्यांतून मुंग्या वर यायला लागल्या होत्या. मी आल्याआल्या पदर खोचला आणि तसाच सोडला. धुणार कशात?

संध्याकाळी दिवे लावले. ट्यूब फडफडली, फडफडतच राहिली आणि विझली. पंख्याची पाती एकेक करून मोजता यायला लागली. फ्रिज कण्हला आणि गप्प झाला. घरात मोबाइलचा तेवढा उजेड.

मी ओरडलेच, "अण्णा! गेली! लाईट गेली!"

लाईट गेल्यावर एवढा आनंद झालेली मी मराठवाड्यातली एकटीच बाई असेन. अण्णा खाटेवर बसले होते. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला. मी तिथल्या तिथं भावाला व्हिडिओ लावला. तो मीटिंगमध्ये होता, थोड्या वेळानं करतो म्हणाला.

तेवढ्यात टँकर आल्याचा गलका झाला. सगळी गल्ली घागरी घेऊन धावली, मीही धावले. ड्रम भरला, टाकी भरली, बादल्या भरल्या. पाणी बघितल्यावर माझा हात कसला थांबतोय? बाहेर अजून थोडा उजेड होता, तेवढ्यात डब्यांची, ताटांची, पातेल्यांची रास मोरीत ओतली, अनवाणीच खाली बसले आणि घासायला घेतली. अण्णांच्या दोन चादरीही भिजवल्या. मोरीचं पाणी भिंतीकडेच्या मातीत मुरत चाललं होतं. माती इतकी तहानलेली की वाहून पुढं जाईना.

काही वेळानं माझ्या लक्षात आलं की मला पातेल्याचा तळ नीट दिसतोय. मागच्या दारातून ट्यूबचा उजेड येत होता. पंखा गरगर फिरत होता. फ्रिज सुरू झाला आणि लाईट जरासुद्धा हलली नाही. भावाचा व्हिडिओ नेमका तेव्हाच आला. त्याला लख्ख उजळलेलं घर दिसलं. "ताई, तू पण?" एवढंच तो म्हणाला आणि मी फोन आपटल्यासारखा ठेवून दिला. एवढी चिडले की हात आपटत भांडी विसळायला लागले. टाकीच्या नळाला हात लावला आणि बोटांतून कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"अण्णा," मी आतल्या खाटेकडं बघत हाक मारली, "नळाला हात लावला की मुंग्या यायल्यात हाताला."

ते तिथूनच म्हणाले, "शुगर तपासून घी तुजी. तुज्या मायला बी यायच्या. ह्याच मोरीत यायच्या."

मी नळाकडं बघितलं, मग खालच्या ओल्या फरशीकडं. हातातला तांब्या बाजूला ठेवला.

अण्णा उठून दारात आले. "ह्याच मोरीत," ते पुन्हा म्हणाले, या खेपेला स्वतःशी. त्यांनी आत जाऊन मेन स्विच खाली केला. "आता लाव हात." मी लावला. काही नाही. गार नळ, बाकी काही नाही. त्यांनी मला मोरीबाहेर उभं केलं, मेन वर केला, चप्पल काढली, ओल्या फरशीवर उतरले आणि नळाला हात लावला. तो त्यांनी काढलाच नाही. मी धावत जाऊन त्यांच्या सदऱ्याला धरून मागं ओढलं.

नंतर मेन पुन्हा बंद करून, मोबाइलच्या उजेडात त्यांनी मोरीच्या मागच्या भिंतीवरचा चुना नखांनी खरवडला. आत एक वायर होती. ती भिंतीतून खाली उतरून जमिनीत ठोकलेल्या एका लोखंडी पाइपाला गुंडाळली होती.

"मीच लावलीय ही," ते म्हणाले.

काही वर्षांपूर्वी वावटळीत खांबावरून घरात येणारी एक वायर तुटली होती. लाईट येते दोन वायरींवर. एकीनं करंट येतो, दुसरीनं परत जातो. परत जाणारी तुटली होती. लाईनमन आज येतो उद्या येतो चाललं होतं आणि आई अंधारात भाकरी थापत होती. अण्णांना वाटलं, यात काय अवघड आहे? "गाडीला कुटं दोन वायरी असत्यात? एक वायर आन बॉडी. बॉडी म्हंजी हितं जमीन." त्यांनी पाइप ठोकला, मोरीजवळ ठोकला, कारण तिथली माती कायम ओली असते आणि ओल्या मातीतून करंट चांगला जातो हे सगळ्या गावाला माहीत आहे. लाईट लागली. आईनं कौतुक केलं. तात्पुरतं केलेलं तसंच राहिलं, वरून चुना लागला आणि ते विसरून गेले.

तेव्हापासून आमच्या घरचा करंट मोरीखालच्या मातीतून परत जात होता. आई दिवसभर तिथं असायची. भांडी, धुणं, पाय धुणं, तांदूळ धुणं, त्या ओलीवर घरातली लाईट चालत होती. ती गेली आणि माती वाळली. अण्णा न्हाणीघरात एका बादलीत आंघोळ करायचे आणि ताट पुसून ठेवायचे. आम्ही आलो की पाणी ओतायचो, लाईट सुधारायची आणि अण्णा खोटे पडायचे. माझं सगळं धुणं-पुसणं त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होतं.

आणि माती ओली असली की मोरीत करंट उतरायचा. जिवावर बेतेल इतका नाही. रोज थोडा थोडा.

"ती म्हणायची," अण्णा सांगू लागले. मोरीच्या कठड्यावर बसले होते, माझ्याकडं बघत नव्हते. "भांडी घासताना हाताला मुंग्या येत्यात म्हणायची. मी म्हणलं, शुगरच्या हायत्या. डॉक्टरला बी मीच सांगितलं. त्यानं गोळ्या दिल्या. ती म्हणली, लाकडी पाटावर बसलं की कमी येत्यात. मी हासलो. म्हणलं, शुगरला काय कळतंय पाटावर बसलीस का फरशीवर?"

"अण्णा, आई त्यानं गेली नाही. तिच्या किडन्या गेल्या होत्या."

"मला कळतंय ते."

तरी बीडला आल्यावर मी डॉक्टरांना विचारलं. त्याचा मरणाशी काही संबंध नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते मी अण्णांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "मेली न्हाई त्यानं, म्हणून काय झालं? रोज बसत हुता ना तिला."

अण्णा तिच्यावर जीव टाकणारे. तिला अंधारात भाकरी थापायला लागू नये म्हणून तर त्यांनी ते केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना मिटवत नाहीत. मला सगळ्यात जास्त रडू आलं ते पाटाचं ऐकून. तिला कारण कळलं नव्हतं, पण उपाय तिनं स्वतः शोधून काढला होता, आणि तोही हसण्यावारी गेला.

सापडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघाले नाही. लाईट ऑफिसात सांगून खांबापासून नवी वायर ओढून घेतली. वायरमननं मोरीजवळची वायर तोडली, पाइप उपटला आणि "मी तर आधीच म्हणलो हुतो, कायतरी गडबड हाय" असंही म्हणून घेतलं. मी त्याच्याशी भांडले नाही, इतकी गळून गेले होते. दुपारी सगळं एकदम लावून बघितलं. मोरी कोरडी ठाक आणि फ्रिज, पंखा, टीव्ही, सगळं बिनतक्रार चालू.

भावाला फोन करून सगळं सांगितलं. त्यानं वायरीचं सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे अण्णा खरं सांगत होते. ताई, मी त्यांना पोरांसमोर हसलो गं." आणि मग, "राहू दे त्यांना तिथंच. आता मी नाही म्हणणार. त्यांना सांग, मनात येईल तेव्हा या."

आम्ही जिंकलो होतो. मी फोन ठेवून पळतच आत गेले. अण्णा खाटेवर बसले होते, मागचं दार उघडं होतं आणि दिवे लागायची वेळ झाली होती. मी बटण दाबलं. ट्यूब पहिल्याच झटक्यात लागली. उजेड दारातून थेट मोरीपर्यंत गेला, तिथल्या फरशीपर्यंत, भिंतीतल्या ताज्या भोकापर्यंत.

"अण्णा, तो म्हणतोय राहा इथंच. आता कुणी न्यायचं नाव काढणार नाही."

त्यांनी मान हलवली. उठले, सावकाश भिंतीपाशी गेले आणि ट्यूब बंद केली. मी लावली. त्यांनी पुन्हा बंद केली.

"जायची-यायची तवाच बरं हुतं," ते म्हणाले. "आता सारखी मोरी दिसायलीय. त्याला म्हण, गाडी घिऊन यी. मला ने हितून."